बाबांच्या ड्युटीत कोणी बुडत नाही

माझे बाबा घरातसुद्धा शिट्टी वाजवतात. आई ओल्या फरशीवरून भरभर चालली की एक छोटी शिट्टी. पाहुण्यांचं पोर कठड्याला लोंबकळलं की दोन. आणि सगळ्यांनी जेवायला यायचं असलं की एक लांबलचक, कारण तलावावर लांब शिट्टीचा अर्थ ‘वेळ संपली, सगळे पाण्याबाहेर’ असा होता. आम्हाला लहानपणापासून सवय आहे. माझी मैत्रीण पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा मात्र तिला घरावर धाड पडली असं वाटलं.

बाबांनी सगळी नोकरी गावच्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून काढली. उंच लोखंडी खुर्ची, गळ्यात शिट्टी, डोक्यावर रंग उडालेली टोपी आणि नजर पाण्यावर. पाण्याकडे पाठ करून बसलेला जीवरक्षक त्यांच्या मते झोपलेल्या ड्रायव्हरपेक्षा वाईट. तलावावर नवीन पोर आलं की ते आधी त्याचं नाव विचारायचे आणि मगच पाण्यात सोडायचे. “नाव माहीत नसेल तर हाक कशी मारणार?” असं त्यांचं म्हणणं. गर्दीत गडबड झाली तर आधी कोणाकडे बघायचं हेही ठरलेलं होतं: आधी लहान. मोठी माणसं हातपाय झाडतात, बोंबलतात, सगळ्यांचं लक्ष वेधून घेतात. लहान पोर गुपचूप खाली जातं. बाबांच्या ड्युटीत त्या तलावात एकही माणूस बुडाला नाही. खरं सांगायचं तर त्यांना उडी मारायची वेळही फारशी आली नाही. कोणाचा चेहरा जरा बावरलेला दिसला की ते वरून त्याच्या नावानं अशी बोंब ठोकायचे की तो माणूस लाजेकाजेस्तव काठावर यायचा.

निवृत्त होताना निरोपाची भेट काय देऊ, असं साहेबांनी विचारलं, तर बाबांनी खुर्ची मागितली. तलावावर नव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या येणारच होत्या, त्यामुळे साहेबांनी ती आनंदानं देऊन टाकली. खुर्ची टेम्पोतून घरी आली तेव्हा आई दारात उभी होती. “म्हणजे माणूस निवृत्त झाला, खुर्ची नाही,” एवढंच ती म्हणाली. खुर्ची काही केल्या दारातून आत शिरेना, म्हणून ती मागच्या अंगणात उभी राहिली. बाबा रोज तिच्यावर चढून आईच्या भोपळ्याच्या वेलावर, पुदिन्यावर आणि सूर्यफुलांवर लक्ष ठेवू लागले. तिथून शेजारच्या सलूनवाल्या काकांचं न्हाणीघरही दिसायचं, ही तक्रार यथावकाश आलीच.

पाण्यात पडलेली कुठलीही गोष्ट बाबांना बघवत नाही. चहात बिस्कीट बुडवताना तुकडा तुटून कपात पडला तर चारचौघं चमचा शोधतात. बाबा सरळ दोन बोटं घालून काढतात. आणि स्वतःच्याच कपातून काढतात असं नाही. एकदा बँकेच्या मॅनेजरच्या कपातून त्यांनी असंच एक बिस्कीट वाचवलं. तो गृहस्थ आमच्याकडे पुन्हा चहाला आला नाही.

अशा माणसाच्या पोटी मी जन्माला आले आणि धंदा निवडला तो बुडवण्याचा. म्हणजे मी विद्यापीठात कीटकांवर संशोधन करते. फुलांवर कोण कोण येतं, मधमाश्या कुठल्या, साध्या माश्या कुठल्या, भुंगे कुठले, हे बघायचं. त्यासाठी आम्ही सापळे लावतो. सापळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लोखंडी दात येतात. आमचा सापळा म्हणजे प्लॅस्टिकची वाटी. एक पिवळी, एक निळी, एक पांढरी. रंग असा भडक की बघणाऱ्यानं डोळे मिचकावावेत. कीटकाला वाटतं, फूल आहे. वाटीत पाणी असतं आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर कीटक पाण्यावर चालत चालत निघून जातो; साबण असला की खाली जातो. सकाळी वाट्या मांडायच्या, चार वाजता पाणी चहाच्या गाळणीतून गाळायचं आणि गाळणीत जे उरेल ते स्पिरिटच्या बाटलीत. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, मला ते कावीळ न होताच दिसायला लागलं होतं.

गावात माझ्या वाट्या दवाखान्यामागच्या बागेत होत्या, रोपवाटिकेत होत्या, शाळेच्या मैदानाच्या कडेला होत्या. चौथी जागा म्हणून मी आमचंच अंगण घेतलं. आईची फुलं होती आणि राखणीला फुकटचा माणूस होता.

“बाबा, या वाट्यांवर जरा लक्ष ठेवा,” मी म्हटलं. “मांजर पाणी पितं, कावळा आंघोळ करतो. डोळ्यांत तेल घालून बसा. या पाण्यात काही गडबड व्हायला नको.”

बाबांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. निवृत्तीनंतर त्यांना ड्युटी म्हणून कोणी काही सांगितलं नव्हतं.

“ड्युटी कधी ते कधी, ठमे?” त्यांनी विचारलं. ठमी म्हणजे मी. विद्यापीठात कोणाला माहीत नाही.

“सकाळपासून चारपर्यंत.”

“मध्ये जेवायची सुट्टी?”

“तेव्हा आईला बसवा.”

“तिला पोहता येत नाही,” बाबा म्हणाले.

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

चार वाजता घरी आले तर तिन्ही वाट्या रिकाम्या. पाणी होतं, साबण होता, पण माशीचा पंखसुद्धा नव्हता. “काही गडबड नाही,” बाबा खुर्चीवरून अभिमानानं म्हणाले. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. तिकडे रोपवाटिकेत आणि दवाखान्यामागे वाट्या भरत होत्या. शाळेच्या मैदानावर, जिथं गवताचं पातं धड नाही, तिथंसुद्धा चार माश्या मिळत होत्या. आणि आमच्या फुलांनी लगडलेल्या अंगणात शून्य.

मी साबण बदलला. वाट्या बदलल्या. मग रंगाच्या दुकानात जाऊन भांडले, की तुमच्या निळ्यात खोट आहे. “ताई,” दुकानदार म्हणाला, “आजवर एकाही माशीची तक्रार आलेली नाही.”

माझ्या मॅडम, म्हणजे माझं संशोधन ज्यांच्या हाताखाली चालतं त्या, शब्द मोजूनमापून वापरतात. “एक तर तुझ्या अंगणात विष आहे, नाही तर तुझ्या वाट्यांत,” त्या म्हणाल्या. “फुलांचा हंगाम संपत आला. शेवटच्या फेरीला मी स्वतः येऊन बसते. तीही रिकामी गेली तर ती जागा काढावी लागेल. जागा गेली की तुलना गेली, आणि तुलना गेली की वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पहिल्यापासून.”

अंगणात विष, हे माझ्या डोक्यात बसलं. विष येणार कुठून, तर भिंतीपलीकडून. सलूनवाले काका केसांना लावायचे रंग मागच्या मोरीत धुतात, हे मला माहीत होतं. मी तडक सलूनमध्ये गेले. काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते, अर्धी झाली होती.

“काका, तुमच्या रंगाच्या पाण्यानं माझ्या माश्या मरतायत,” मी म्हटलं.

काकांचा वस्तरा हवेत थांबला. “मरतायत? अगं, तुझ्या माश्या वाळवायला माझा ड्रायर कधीचा तुमच्या घरी पडलाय. मी इथं गिऱ्हाइकांना पुठ्ठ्यानं वारा घालतोय.”

“कुठल्या माश्या?”

“वडिलांना विचार. आणि ड्रायर परत पाठव म्हणावं.”

अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होतं.

भर दुपारी मी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागं पाहिलं. बाबा खुर्चीवर होते. निळ्या वाटीत काहीतरी टपकन पडलं. एक छोटी शिट्टी वाजली. बाबा गुडघे कुरकुरवत खाली उतरले. त्यांच्या हातात झाडूचा दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला आमची हरवलेली चहाची गाळणी बांधलेली होती, जिच्यासाठी आई मला महिनाभर बोलत होती. त्यांनी माशीला अलगद उचललं, रुमालावर ठेवलं, साध्या पाण्याचा थेंब सोडून तिचा साबण धुतला आणि ड्रायर मंद करून लांबून धरला. “पंख आधी, मग पोट,” ते स्वतःशी म्हणत होते. शेजारी आई अंड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक खळग्यात कापसाची गादी, गादीवर एक एक पेशंट आणि तोंडाशी साखरपाणी.

“अहो, ही परत आली,” आई म्हणाली. “हिचा एक पाय आखूड आहे, मी ओळखते हिला.”

“हिला किती सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी,” बाबा म्हणाले.

प्रत्येक वाटीत आइस्क्रीमची एक एक काडीही तिरपी टेकवून ठेवली होती. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण मी शाळेत लिहिली होती, तिची अशी अंमलबजावणी झालेली पहिल्यांदाच पाहिली. आणि गंमत म्हणजे मेलेल्या मधमाश्या आम्ही प्रयोगशाळेत अशाच धुतो आणि ड्रायरनं अशाच वाळवतो, म्हणजे त्यांची लव उभी राहते आणि जात ओळखता येते. आमच्या तेवढ्या उडून जात नाहीत. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच, आणि कुंपण मीच घातलं होतं.

“बाबा, काय चाललंय हे?”

“ड्युटी,” बाबा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले.

“अहो, या वाट्या त्यांनी बुडावं म्हणूनच ठेवल्यात.”

बाबांनी ड्रायर बंद केला. “काय म्हणालीस?”

“साबण त्यासाठीच घालते मी.”

“मला वाटलं, वाट्या स्वच्छ राहाव्यात म्हणून घालतेस,” आई म्हणाली.

“मग मला इथं कशाला बसवलंस?” बाबांनी विचारलं.

“मांजरासाठी.”

“मांजरासाठी,” बाबा म्हणाले. असा अपमान त्यांचा तलावावरही कोणी केला नसावा.

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि समजावून सांगितलं. या अंगणात कोण कोण राहतं, हे कोणालाच माहीत नाही. लहान मधमाश्या तर तांदळाच्या दाण्याएवढ्या. उडताना सगळ्या सारख्याच दिसतात, भिंगाखाली धरल्याशिवाय वेगळ्या कळत नाहीत. ज्यांची नावंच आपल्याला माहीत नाहीत, त्या उद्या नाहीशा झाल्या तर कोणाला पत्ता लागणार? म्हणून थोड्या धरायच्या, नावं लावायची, मग बाकीच्यांची काळजी घेता येते. नावाचा विषय निघाला तसे बाबा विचारात पडले.

“नाव विचारायला जीव घ्यायचा?” ते म्हणाले.

“दुसरा मार्ग नाही. हां, मोठे भुंगे नुसते बघून ओळखता येतात. ते तुम्ही खुशाल काढा, मी मोजते आणि सोडून देते. लहान तेवढ्या राहू द्या.”

इथं माझं चुकलं. बाबा उठून उभे राहिले. “मोठे काढायचे आणि लहान राहू द्यायच्या?”

“हो.”

“हे कुठल्या तलावावर चालतं?”

माझंही डोकं फिरलं. “तुम्हाला माश्या बुडताना दिसतात,” मी म्हटलं, “माझं वर्ष बुडतंय, ते नाही दिसत? त्याला कोण काढणार?”

 बाबांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली. आईनं ट्रेमधल्या पेशंटांना एकेक करून पुदिन्यावर सोडलं, काड्या गोळा केल्या आणि ड्रायर काकांकडे परत पाठवला. संध्याकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो. माझ्या बिस्किटाचा तुकडा तुटून कपात पडला. मी वाट बघितली. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला नाही. तुकडा विरघळून तळाला गेला. मी आत जाऊन रडले. वर्षासाठी नाही, बिस्किटासाठी.

शेवटच्या फेरीच्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट आणि तलावावरची टोपी घालून अंगणात आले. मी वाट्या मांडत होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली.

“ड्युटी अशीच टाकून जाता येत नाही,” ते म्हणाले. “शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातली की मगच सुटते. ही घे. आज तुझी ड्युटी.”

“तुम्ही आत जाऊन पडा, बाबा.”

“आत नाही जमणार.”

त्यांनी भिंतीवरून सलूनवाल्या काकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून ती लोखंडी खुर्ची फिरवली. बाबा वर चढले आणि पाण्याकडे पाठ करून बसले. मी त्या तलावात पोहायला शिकले. पाण्यातून बाबांकडे बघितलं ते नेहमी समोरूनच. पाण्याच्या बाजूनं त्यांची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि मला ती बघवेना.

“आता सगळी नजर माझ्या न्हाणीघरावर का?” काका म्हणाले आणि त्यांनी दोरीवर चादर टाकली.

मॅडम आल्या त्या पिवळ्याधमक कपड्यांत. कोणाच्या तरी निरोपसमारंभातून परस्पर आल्या होत्या. त्या अंगणात पाऊल टाकतात न टाकतात तोच दोन माश्या वाटी सोडून त्यांच्याभोवती फिरायला लागल्या.

“बाई, तुम्ही वाटीपेक्षा पिवळ्या आहात,” आई म्हणाली आणि तिनं आतून करड्या रंगाची चादर आणून त्यांना गळ्यापर्यंत गुंडाळलं. भर उन्हात मॅडम स्टुलावर तशाच बसून राहिल्या. केस कापून घ्यायला आल्यासारख्या दिसत होत्या. काकांनी भिंतीवरून एकदा डोकावून आशेनं पाहिलंही.

मग कीटक यायला लागले.

“कोण आलं?” बाबांनी मान न वळवता विचारलं.

“मोठा काळा भुंगा. निळ्या वाटीत.”

“काढलास?”

“काढला. उडाला.”

थोड्या वेळानं पुन्हा टपकन आवाज झाला. मी काही बोलले नाही. बाबांनीही विचारलं नाही. त्यांनी खुर्चीचा दांडा तेवढा घट्ट धरला. माझ्या गप्प राहण्यावरून त्यांना कळत होतं. दिवसभर असंच चाललं. मोठा आला की मी सांगायची, लहान आली की आम्ही दोघंही गप्प. आई दोनदा पाणी घेऊन आली, दोन्ही वेळा त्यांनी नको म्हटलं.

दुपार कलली तेव्हा मॅडमनी चादरीतून मान लांब करून वाट्यांत डोकावून पाहिलं. “छान. अंगण रिकामं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ‘छान’ मी पहिल्यांदा ऐकत होते. माझं वर्ष वाचलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले.

चार वाजायला अजून अवकाश होता. तेवढ्यात पिवळ्या वाटीत एक पडली. पडली हेसुद्धा ऐकू आलं नाही, इतकी बारीक. काठाकाठानं फिरत राहिली. पंख आपटले नाहीत, आवाज केला नाही. एक फेरी, दुसरी फेरी, आणि मग तिची मागची बाजू खाली जायला लागली. मी घड्याळाकडे पाहिलं. समोर बाबांची पाठ होती. शिट्टी तोंडात कधी गेली ते मला कळलं नाही. मी वाजवली. छोटी नाही, लांब. वेळ संपली, सगळे पाण्याबाहेर.

शिट्टी संपायच्या आत बाबा खाली होते. ते गुडघे, ज्यांना देवापुढे वाकायलाही जमत नाही, ते कसे उतरले देव जाणे. गाळणीचा दांडा त्यांनी खुर्चीच्या मागं लपवून ठेवलेला होताच. “आधी लहान,” ते ओरडले आणि पिवळ्या वाटीकडे धावले. आई ट्रे घेऊन धावली. भिंतीवरून काकांनी ड्रायर फेकला, तो मी झेलला. मॅडम गडबडीनं उभ्या राहिल्या, चादर खाली पडली आणि अंगणातली प्रत्येक माशी त्यांच्या बाहीवर जाऊन बसली. त्या पुतळ्यासारख्या स्तब्ध उभ्या राहिल्या. “कोणी हलू नका,” त्या म्हणाल्या, “यातल्या दोन मला नवीन दिसतायत.”

जे जे हलत होतं ते बाबांनी बाहेर काढलं. जे हलत नव्हतं ते वाटीत राहिलं, त्याला त्यांनी हात लावला नाही.

“चार वाजले का?” मॅडमनी मला विचारलं.

“नाही.”

त्यांनी ट्रेकडे पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढी ती माशी कापसावर बसून पंख पुसत होती. “मग थांबवल्याची खरी वेळ लिही,” मॅडम म्हणाल्या. “हिशेब वेळेप्रमाणे लावता येतो.”

मी पाणी गाळलं, गाळणीतलं सगळं बाटलीत घातलं. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बाटली हातात घेऊन उन्हात धरली आणि टोपी काढली. 

“यांची नावं काय?” त्यांनी विचारलं.

“भिंगाखाली बघावं लागेल.”

“कळली की सांग मला.”

मी शिट्टी परत दिली. ती त्यांनी शर्टाला पुसून गळ्यात घातली. मग खुर्ची पुन्हा सरळ करायला काकांना हाक मारली.

नावं कळेपर्यंत सूर्यफुलं वाळून गेली. एका संध्याकाळी चहाच्या वेळी मी बाबांना सगळी सांगितली. लांबलचक, जीभ वळता वळत नाही अशी नावं. बाबांनी प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं, तलावाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसं. एकही धड म्हणता आलं नाही, पण एकही सोडलं नाही. शेजारून सलूनवाल्या काकांनी “कोण आलंय?” म्हणून विचारलं.

“यातली आखूड पायाची कोणती?” आईनं विचारलं.

“ती यात नाही. ती सुटली.”

“सगळी झाली का?” बाबा म्हणाले.

“एक राहिली. तिचं नाव अजून कोणालाच सापडत नाहीये. बाहेर पाठवलीय तपासायला.”

“मग तोवर तिला ठमी म्हणू,” बाबा म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना, आणि त्या नादात माझं बिस्कीट तुटून कपात पडलं. बाबांनी बोलता बोलताच दोन बोटं घालून ते काढलं आणि माझ्या बशीत ठेवलं.